आधी गॅलरी की आधी ग्राउंड?

अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात आठ हजार माणूसही मावत नाही. त्याच मैदानावर घरच्या मॅच खेळून मुंबई सिटी एफसीनं २०२२-२३ ची आयएसएलची (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीग) लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्याची ढाल, नेली. इकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की त्याहून कितीतरी जास्त माणूस गॅलरीत दाटतं. हलगी कडाडते, झेंडे फिरतात, आणि तरीही कोल्हापूरच्या एकाही तालमीचा संघ आजवर आयएसएल किंवा तिच्या खालच्या आय-लीगमध्ये उतरलेला नाही. तेव्हा ‘मोठं स्टेडियम नाही म्हणून आपण मागं’ ही तक्रार निदान कोल्हापूरला तरी लागू पडत नाही. माणसं आहेत, नाद आहे. अडलंय दुसरीकडं. कुठं अडलंय ते बघायला आधी पैशाचा हिशेब मांडावा लागतो आणि मग गवताचा.

खुर्चीचा हिशेब

स्टेडियम वाढवल्यावर क्लबच्या गल्ल्यात नेमकी भर कशाची पडते? आज जागा नाही म्हणून जो माणूस दारातून परत जातो, त्याच्या तिकिटाची. रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांशेजारी आणखी खुर्च्या मांडल्या तर रुपयाही वाढत नाही. म्हणून सरासरी गर्दी बाजूला ठेवून हंगामात किती मॅच खरोखर हाउसफुल्ल झाल्या आणि त्या दिवशी किती लोक बाहेर राहिले, एवढंच आधी मोजावं.

हिशेबापुरते आकडे धरू. क्षमता ५,०००, हंगामात १५ मॅच, तिकीट ५० रुपये. पंधरापैकी दोनच मॅच भरगच्च झाल्या, आणि त्या दोन्ही वेळी ३,००० लोक बाहेर राहिले. आता आणखी ५,००० ची गॅलरी बांधली. वाढीव तिकिटं ६,०००, वाढीव गल्ला ३ लाख रुपये. छत नसलेली साधी काँक्रीटची गॅलरी माणशी १५,००० रुपयांत उभी राहिली असं धरलं तरी खर्च साडेसात कोटी. त्यावर ९ टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला साडेसदुसष्ट लाख. तीन लाख मिळवायला साडेसदुसष्ट लाख घालवायचे, आणि यात वीज, सफाई, राखणदार अजून धरलेलेच नाहीत. मुद्दल तर जागच्या जागी.

हेच गणित उलटंही पडू शकतं. पंधराच्या पंधरा मॅचला ५,००० लोक बाहेर राहत असतील आणि तिकीट २०० रुपये असेल, तर वाढीव गल्ला दीड कोटी होतो. मग गॅलरी बांधणं शहाणपणाचं. मधल्या कुठल्याही परिस्थितीत आपापले आकडे घालून बघावेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण बांधकाम समितीच्या बैठकीत ते क्वचितच होतं.

कोल्हापुरात आणखी एक गोम आहे. जिथं सगळे संघ एकाच मैदानावर खेळतात तिथं ‘घरची मॅच’ हा प्रकारच नसतो. गल्ल्यातला किती वाटा संघाचा आणि किती आयोजकाचा, हे आधी कागदावर बघायचं. संघाच्या हाती फक्त बक्षिसाची रक्कम पडणार असेल, तर गॅलरी दुप्पट झाली काय नि चौपट झाली काय, तालमीच्या खजिनदाराच्या वहीत काही फरक पडत नाही.

त्यापेक्षा ज्या पैशाकडं कुणी बघत नाही तो बघा. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडं रक्कम देऊन गेला, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाचे पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाचा अर्धा टक्का. मुलगा पहिली चार वर्षं तालमीकडं होता तर तालमीचा वाटा १ टक्का. एक कोटीच्या व्यवहारात एक लाख. अशी वेळ वरचेवर येणार नाही, पण आली तरी अट एकच: त्या प्रत्येक वर्षी मुलाची अधिकृत नोंदणी झालेली हवी. ‘पोरगा लहानपणापासून आपल्याकडंच खेळतोय’ हे तोंडी सांगून चालत नाही. भारतात ही नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते.

मोठं बांधून बुडालेले, लहानात तरलेले

इंग्लंडच्या डार्लिंग्टन क्लबनं २००३ मध्ये २५,००० खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं. तेव्हा तो क्लब चौथ्या श्रेणीत खेळत होता आणि गर्दी काही हजारांतच असायची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्लबचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाकडं गेला. पुढं २०१२ मध्ये ते स्टेडियम सोडून क्लबला नवव्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. चुकलं कुठं हे उघड आहे: संघ वर जाईल आणि मग गर्दी येईल, या भरवशावर आधीच खुर्च्या मांडल्या, आणि रिकाम्या खुर्च्यांचा खर्च संघाच्या पगारातून गेला.

उलट, स्पेनमधलं एइबार हे साधारण २७,००० वस्तीचं गाव, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. २०१४ मध्ये त्यांचा संघ ला लीगात, म्हणजे स्पेनच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढला तेव्हा मैदानात पाच-सहा हजारच लोक मावत होते. त्यांना अडवलं ते स्टेडियमनं नाही, भांडवलाच्या नियमानं. सुमारे १७ लाख युरो उभे करायचे होते, ते त्यांनी लोकांना लहान लहान शेअर विकून केले. सात हंगाम टिकले. नॉर्वेचा बोडो-ग्लिम्ट क्लब तर आर्क्टिक वर्तुळाच्याही वरचा, मैदान आठ हजारांच्या आसपास. २०२१ मध्ये त्यांनी इटलीच्या रोमाला ६-१ हरवलं, २०२५ मध्ये युरोपा लीगची सेमीफायनल गाठली. तिथल्या थंडीत गवत टिकत नाही म्हणून मैदान कृत्रिम गवताचं आहे आणि ते खालून तापवतात. खुर्च्या थोड्या, पण बारा महिने खेळता येईल असा पृष्ठभाग.

इटलीच्या युव्हेंटसनं २०११ मध्ये मुद्दाम लहान स्टेडियम घेतलं. आधीचं डेले आल्पी ६७ हजारांच्या वरचं, भोवती धावपट्टी, प्रेक्षक खेळापासून लांब आणि खुर्च्या रिकाम्या. नवं ४१ हजारांचं, गोललाइनला चिकटून. इंग्लंडच्या ब्रेंटफर्डनंही २०२० मध्ये १२ हजारांच्या जुन्या मैदानातून निघून १७,२५० चं बांधलं, जास्त नाही. भरेल एवढंच बांधायचं, हा त्यातला हिशेब.

वरच्या लीगला काय मागतात

राष्ट्रीय पातळीवर चढायची शिडी २०२३ मध्ये अशी झाली: राज्य लीग, तिथून त्याच वर्षी सुरू झालेली आय-लीग ३, मग आय-लीग २, आय-लीग आणि त्यावर आयएसएल. वर जाताना क्लब लायसन्सिंग नावाची परीक्षा असते. तिचे विषय पाच: खेळ (म्हणजे युवा संघ), सुविधा, माणसं, कायदेशीर कागद, आणि हिशेब. यातल्या सुविधांच्या विषयातही स्टेडियम स्वतःच्या मालकीचं असावं असं कुणी म्हणत नाही. मान्य दर्जाचं मैदान पूर्ण हंगाम वापरायला मिळेल, असा लेखी करार लागतो.

तालीम मंडळं गचकतात ती बाकीच्या चार विषयांत. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद नाही, एएफसीचा (आशियाई फुटबॉल महासंघाचा) परवाना असलेला प्रशिक्षक नाही, वयोगटांचे संघ नाहीत, खेळाडूंशी लेखी करार नाहीत. हे सगळं मिळून एका गॅलरीच्या व्याजापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही, नारळ फोडता येत नाही, हीच त्याची अडचण.

ग्राउंड

आता मूळ मुद्द्यावर. सोळा संघांनी एकमेकांशी एकेकदाच खेळायचं म्हटलं तर १२० मॅच होतात. रोज दोन धरल्या तर साठ दिवस. वॉर्मअपसकट एका मॅचचे दोन तास, म्हणजे मैदानावर रोज चार तास, आठवड्याला अठ्ठावीस. चांगलं नैसर्गिक गवत आठवड्याला सहा ते आठ तास खेळ सोसतं. अठ्ठावीस तासांत गोलसमोरची आणि मधल्या वर्तुळातली जागा आधी जाते, मग दोन्ही बाजूंना फ्लॅग धरून पळणाऱ्या लाइनमनची पट्टी. फेब्रुवारीपर्यंत तिथं फक्की मारायची ती मातीवरच.

यात आपल्या हंगामाची एक खोट मिसळते. फुटबॉलच्या मैदानाला जगभर ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळीच, उसाच्या सरीत शेतकरी जिला शिव्या घालतो ती. (बाजारात मिळतात त्या बारीक पात्याच्या सुधारित जाती, पण घराणं तेच.) हरळी उष्ण हवेतली. रात्रीचा पारा पंधराच्या आसपास उतरला की तिची वाढ मंदावते. आपला हंगाम सुरू होतो हिवाळ्यात. म्हणजे गवत सगळ्यात जास्त तुडवलं जातं तेव्हाच ते भरून यायला सगळ्यात जास्त वेळ घेतं. ऑक्टोबरातच ते दाट करून ठेवलं नाही तर पुढं पाण्याचे कितीही टँकर ओता, उपयोग नाही.

पृष्ठभागाचा खेळावर काय परिणाम होतो, हे गॅलरीतून पटकन दिसत नाही. उंचसखल मैदानावर जमिनीलगतचा पास म्हणजे जुगार. बॉल पायाशी येता येता उडतो. मग पोरं शहाणपणानंच उंच मारायला शिकतात: मागून लांब टाका, पुढं धिप्पाड खेळाडू ठेवा. पेठेच्या मॅचला ते चालून जातं. हाच संघ बाहेर जाऊन सपाट, ओल्या गवतावर खेळला की समोरचे तीन पासांत त्याला उघडा पाडतात. दहा वर्षांच्या मुलाला लागलेली ही सवय विसाव्या वर्षी मोडत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण घडायला त्याला लहानपणीच पुण्याला जावं लागलं.

चांगलं मैदान कसं करतात ते बघू. खेळाची जागा १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. भोवतीच्या मोकळ्या पट्टीसकट ८,००० धरा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून उत्तम पद्धतीत ती ४० सेंटीमीटर काढूनच टाकतात. तळाला दर पाच मीटरवर १०० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पाइप, शेकडा अर्धा ते एक उतारानं. त्यावर १० सेंटीमीटर खडी, त्यावर ३० सेंटीमीटर वाळू, त्यात थोडं सेंद्रिय खत. हिशेब आपल्या भाषेत: काढायची माती साधारण १,१३० ब्रास, खडी २८० ब्रास, वाळू ८५० ब्रास. वाळू मध्यम जाडीची हवी. क्रशरची वाळू घ्यायची तर धुतलेली आणि चाळणी-चाचणी केलेलीच. तिच्यातली पूड दोन पावसाळ्यांत थराची चाळण बुजवून टाकते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी. पाइप नीट घातले, पण त्यांचं तोंड शेजारच्या गटारात सोडलं. जुलैत गटार तुडुंब, पाणी उलटं मैदानाखाली. पाइप घालण्याआधी भर पावसात त्या गटाराची पातळी खुंटी ठोकून मोजायची, आणि तोंड तिच्याहून वर येत नसेल तर मध्ये विहीर करून पंप बसवायचा.

एवढा पैसा नसेल तर मधला मार्ग आहे. माती तशीच ठेवून मैदानात आडव्या अरुंद चिरा पाडायच्या: पाच ते साडेसात सेंटीमीटर रुंद, पंचवीस-तीस सेंटीमीटर खोल, मीटर-मीटरवर. त्या बारीक खडी आणि वाळूनं भरून खालच्या पाइपांना जोडायच्या. मग दरवर्षी वरून सेंटीमीटरभर वाळू, म्हणजे २८ ब्रास. दोन चुका टाळायच्या. वाळू मातीत नांगरून मिसळायची नाही. काळ्या मातीत थोडी वाळू गेली की भाजलेल्या विटेसारखा थर होतो. आणि चिरेचं तोंड मातीनं झाकू द्यायचं नाही, नाहीतर खालची सगळी मेहनत झाकणाखाली.

हरळीचे ठोंब जूनच्या सुरुवातीला लावले तर आठ-दहा आठवड्यांत मैदान झाकतं. कापणी २५ ते ३० मिलिमीटरवर, आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे ४०,००० लिटर, दहा हजारी टँकर चार. ही सोय नसेल तर गवताचं स्वप्न बघू नये.

मग कृत्रिम गवत? ते आठवड्याला चाळीस तास आणि वर सोसतं, म्हणून सरावाच्या मैदानाला ते फार उपयोगी. अनेक संघ एकाच जागेवर पाळीपाळीनं सराव करू शकतात. किंमत मात्र समजून घ्यावी. एप्रिलच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा सराव सकाळी किंवा अंधारल्यावर. पात्यांमधली वाळू आणि रबराचे दाणे आठवड्याला ब्रश मारून सारखे करावे लागतात, नाहीतर पाती आडवी पडून चटई होते आणि गुडघे सोलवटतात. आठ-दहा वर्षांत सगळं उचलून नवं टाकायचं. पहिल्या वर्षापासून त्यासाठी पैसे बाजूला काढले नाहीत तर नवव्या वर्षी फाटक्या चटईवर खेळणं आलं.

दिवे

मैदानाचे तास वाढवण्याचा दुसरा उपाय म्हणजे रात्र वापरणं. नोकरी-धंदा करून खेळणाऱ्या पोरांना तीच वेळ मोकळी. सरावाला २०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुरतात, चांगल्या लीग मॅचला ५००, टीव्हीच्या मोठ्या सामन्यांना हजार-बाराशेच्या पुढं. आठ हजार चौरस मीटरला ५०० लक्स हवेत तर एलईडीची साधारण ६० किलोवॅट जोडणी लागते, म्हणजे तासाला ६० युनिट. नुसत्या सरावाला २५. खांब बुटके बसवले की उजेड गोलकीपरच्या डोळ्यांत जातो. मैदानाच्या मध्यापासून दिव्याकडं बघताना नजर किमान वीस-पंचवीस अंश वर जायला हवी. बाजूच्या खांबांना त्यासाठी १८ ते २० मीटर उंची लागते.

गॅलरी वाढवायचीच असेल तर

कधीतरी ती वेळ येतेच. तेव्हा खासबागेचं मैदान एकदा डोळसपणे बघून यावं. १९१२ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात झालेलं. प्रेक्षकांची जागा मध्याकडं अशी उतरत आणलीय की कुठंही बसा, हौद्यातला पैलवान दिसतो. आजचे अभियंते हेच आकड्यांत सांगतात: मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या रेघेवरून किमान ९ सेंटीमीटर वर गेली पाहिजे. पायऱ्या सगळ्या एकाच उंचीच्या केल्या तर वरच्या रांगांत हे अंतर कमी होत जातं आणि लोक उभे राहतात. एक उभा राहिला की सगळे.

दुसरं, बाहेर पडण्याच्या वाटा. इंग्लंडमध्ये ज्या मार्गदर्शिकेवर स्टेडियमं चालतात तिच्यानुसार एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेनं मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६, आणि गॅलरी आठ मिनिटांत रिकामी व्हायला हवी. दहा हजार लोकांना त्यासाठी जिन्यांची एकूण रुंदी १९ मीटर लागते. आत घेताना एका फिरत्या दारातून तासाला फार तर ६६० जण. दहा हजारांना तासाभरात आत घ्यायचं तर सोळा दारं. फुकटे आत येऊ नयेत म्हणून मॅच सुरू झाल्यावर दारांना कुलपं घालणं, आणि दारासमोरच मोटरसायकलींची रांग लावणं, हे दोन्ही प्रकार जिवावर बेततात. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात मारामारी आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक गेले. तिथं स्टेडियम लहान होतं असं कुणीच म्हणणार नाही. महिला प्रेक्षक याव्यात असं वाटत असेल तर नव्या रांगांआधी स्वच्छ, दिवा असलेली स्वच्छतागृहं, हेही इथंच सांगितलेलं बरं.

आणि वर्षाकाठी दोनच मॅच भरत असतील तर तेवढ्या दोन दिवसांपुरती पाइपांची तात्पुरती गॅलरी भाड्यानं आणावी. तिच्या प्रत्येक खांबाखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट हवी, कारण काळ्या मातीत उघडा पाइप खचतो. तिरपे आधार प्रत्येक खणात हवेत, कारण लोक एका तालात नाचायला लागले की गॅलरी खाली दबण्याआधी आडवी झुलते. माणसं चढवण्याआधी अभियंत्याची लेखी सही घ्यावी, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी सगळ्या फळ्या-प्लेटी पुन्हा एकदा तपासाव्यात.